पलटणीत फोन नसतो

नोव्हाय, मिशिगन
बुधवार, ७ मे २०२५

प्रसाद,

'दादा' लिहीत नाहीये. तो शब्द मी वीस महिन्यांपूर्वी बंद केला, हे तुला माहीत आहे. जे माहीत नाही ते सांगते.

आईनं सोमवारी डायलिसिस सोडलं. पाच वर्षं आठवड्यातून तीनदा त्या खुर्चीत चार-चार तास बसली, आणि सोमवारी सुई टोचायच्या आधीच हात मागे घेतला. "यांना सांग, आता पुरे," म्हणाली. मी म्हटलं, "आई, पुरे म्हणजे काय होतं, माहितीये ना?" तर म्हणते, "तुझ्यापेक्षा जास्त. तू फक्त ट्रान्सलेट कर." मी केलं. डॉक्टरांनी तीनदा विचारलं. तिनं तीनदा तेच सांगितलं, तिसऱ्या वेळी मला बाजूला सारून इंग्लिशमध्ये.

सात दिवस, दहा दिवस, फार तर दोन आठवडे, असं म्हणाले. तिला घरी आणलंय. खालच्या खोलीत, खिडकीपाशी पलंग लावलाय.

तू हे वाचशील तेव्हा ते दिवस संपलेले असतील. मी तसंच ठरवलंय. रोज थोडं लिहीन आणि बाबांच्या कॅनव्हासच्या झोळीत टाकीन. सगळं झालं की गठ्ठा तुझ्याकडे येईल.

बाबांच्या वेळी तू मला बुधवारी सकाळी फोन केलास. ते रविवारी गेले, मंगळवारी तू त्यांना अग्नी दिलास आणि बुधवारी मला फोन. "सगळं व्यवस्थित पार पडलं," म्हणालास, जसं काही कुणाची मुंज लावून आलायस. अटलांटा ते डेट्रॉइट विमान दोन तासांचं आहे, प्रसाद. उलट दिशेनंही तेवढंच.

आता माझी पाळी. मीसुद्धा बुधवारीच फोन करीन, आणि म्हणेन, "सगळं व्यवस्थित पार पडलं." शब्द तुझेच वापरीन.

देवयानी


शुक्रवार, ९ मे

प्रसाद,

हॉस्पिसकडून नर्स येते, टोन्या नावाची. उंच, कृष्णवर्णीय, माझ्याच वयाची. आईची उशी अशी सरळ करते की आई झोपेतही 'हं' म्हणते. काल तिनं भिंतीवरचा फोटो पाहिला. तिघांचा, १९९४चा. निळ्या लोकरीच्या कोटात बाबा, सतरा वर्षांचा तू आणि टोपीत वेणी कोंबलेली मी.

"हे काय?" तिनं विचारलं.

काय सांगणार? सांगितलं की आमचे वडील इथे कारच्या कारखान्यात इंजिनिअर होते. त्यांच्या शिफ्टमधला डेल नावाचा मित्र त्यांना एकदा मैदानावर घेऊन गेला. तिथे लोक अमेरिकेच्या यादवी युद्धातली मिशिगनची स्वयंसेवक पलटण होऊन वर्षातून पाच-सहा वीकेंड राहायचे. तंबूत झोपायचे, कवायत करायचे, लुटुपुटीची लढाई लढायचे. बाबा गेले आणि परत आलेच नाहीत, म्हणजे मनानं. सांगलीचा माणूस दुसऱ्यांच्या युद्धात भरती झाला. नंतर आम्हा दोघांनाही घातलं.

"दुसऱ्यांचं का बरं?" टोन्या म्हणाली. "माझे खापरपणजोबा होते त्यात. निळ्या कोटात."

ती उशी सरळ करत राहिली.

मग तिनं खोदून खोदून विचारलं, ते लोक दिवसभर करायचे तरी काय? मला बाबांचं पाठ आहे. पहाटे पाचला ढोल, हजेरी. मग लाकडं फोडायची, पाणी आणायचं. कॉफीचे दाणे पत्र्याच्या मगात घालून बंदुकीच्या दस्त्यानं ठेचायचे. बिस्किटं इतकी कडक की कॉफीत बुडवल्याशिवाय दात लागत नाही. बुडवली की आतल्या अळ्या वर तरंगतात, त्या चमच्यानं काढायच्या आणि खायचं. कवायत, परत कवायत. दुपारी मोजे शिवायचे, उवा मारायच्या, आणि घरच्या पत्राची वाट बघायची. लढाई कधीतरी एखादा दिवस. गोळीपेक्षा हगवणीनं जास्त मेले. "हे पगारी सरदार नव्हते गं," बाबा म्हणायचे, "शेतकरी, चांभार, शाळामास्तर. सही केली आणि निघाले."

आणि अर्धा तंबू. टोन्याला तो दाखवला, माझा. शिपायाला अख्खा तंबू मिळत नसे. कापडाचा एक तुकडा, कडेनं बटणं आणि काजं. दुसरा तुकडा जोडीदाराकडे. बटणं लावली की दोघांपुरतं छप्पर होतं. एकट्याचं कापड काही कामाचं नाही. माझी जोडी तुझ्याशी होती. रात्री तू लाथा मारायचास, सकाळी मी तुझ्या कॉफीत अळी परत टाकायचे.

पाच वर्षांपूर्वी आईबाबांचंही तसंच केलं की आपण. आईचं डायलिसिस इथे लागलेलं आणि बाबांच्या छातीला इथली थंडी सोसेना. म्हणून आई माझ्याकडे नोव्हायला, बाबा तुझ्याकडे जॉर्जियात, अल्फारेटाला. पन्नास वर्षं लावलेली बटणं आपण एका वीकेंडला काढली, यू-हॉलचा ट्रक भाड्यानं घेऊन.

टोन्यानं जाताना विचारलं, "तुझा भाऊ? तो कुठे असतो आता?"

"दुसऱ्या सैन्यात," मी म्हणाले.

ती थांबली. मग बॅग उचलून गेली. तिथल्या पलटणीत तू करड्या कोटात, गुलामगिरी टिकवायला लढलेल्या दक्षिणेच्या बाजूनं उभा राहतोस, हे मला तिला समजावून सांगायचं नव्हतं. तू बाबांना समजावलं होतंस तेवढं पुरे. "इथे करड्यांचीच पलटण आहे, बाबा. समोर माणसं कमी पडली की आम्हीच निळा घालतो. हौस आहे, पॉलिटिक्स नाही." बाबा फोनवर फक्त म्हणाले, "ज्यांना विकत होते त्यांना विचार, हौस होती का." आणि तरीही ते तुझ्याकडेच राहायला आले. थंडी फार वाईट, प्रसाद.

देवयानी


रविवार, ११ मे
मदर्स डे

तुझी फुलं आली. पांढरी, महागडी. आई म्हणाली, "छान आहेत. खाता येत नाहीत."

कारण ती खातेय! पाच वर्षं तिला आंबा, केळं, टोमॅटो, लोणचं सगळं बंद होतं. आता काय बंद करणार? पटेलच्या दुकानातून आमरसाचा डबा आणला. दोन वाट्या खाल्ल्या, मग बोटानं वाटी पुसली. "हापूस नाही," म्हणाली, "पण मीही कुठे पूर्वीची आहे?" सईसुद्धा हसली. सई सतरा वर्षांची झालीये. तू तिला शेवटचं पाहिलंस तेव्हा तिला ब्रेसेस होत्या.

अकराला तुझा फोन आला, आईच्या फोनवर. आईचा फोन माझ्या एप्रनच्या खिशात असतो. आई जागी होती, वाटी पुसत होती. तो खिशात थरथरला, मी वरून हात दाबून धरला. मग स्वयंपाकघरात जाऊन तुला मेसेज केला: 'आई झोपलीये. बरी आहे. फुलं मिळाली.' तीनातलं शेवटचं तेवढं खरं.

तुझं उत्तर लगेच आलं: 'ओके. नेक्स्ट वीकेंडला इव्हेंट आहे, शुक्र ते रवि फोन नसेल. मंगळवारी करतो. तिला नमस्कार सांग.'

सांगितला नाही.

मान वर केली तर सई दारात.

"हू वॉज दॅट?"

"कुणी नाही."

"आई. इट वॉज मामा. डझ ही नो?"

"नाही."

"तू सांगणार आहेस ना?"

"सई, तुला माहीत नाही काय झालं होतं ते."

"मला माहितीये काय झालं होतं. त्यानं तुला आबांचं सांगितलं नाही. सो नाऊ यू आर डूइंग द एक्झॅक्ट सेम थिंग." मग हळू आवाजात, "आजी इज नॉट युवर बुलेट, आई."

"तू त्याला मेसेज करायचा नाहीस. मला शब्द दे."

तिनं शब्द दिला. माझ्याकडे ज्या नजरेनं पाहून दिला, ती नजर तुझ्या खात्यावर जमा आहे.

दुपारी मी तुमच्या त्या मैदानाचं पत्रक कॉम्प्युटरवर शोधलं आणि छापून फ्रिजवर लावलं. खाली ऑफिसचा नंबर आहे, 'तातडीच्या निरोपासाठी'. का लावलं ते विचारू नकोस. शत्रूची छावणी कुठे पडलीये ते माहीत असावं, एवढंच.

देवयानी


बुधवार, १४ मे

प्रसाद,

आई आता जास्त झोपते. पाय सुजलेत. आंबा काल नको म्हणाली, आज लिंबाच्या लोणच्याची फोड नुसती चोखली.

मी तिच्याजवळ बसून पलटणीची पत्रं लिहितेय. पुढच्या महिन्यात आमचा कॅम्प आहे. बाबा गेल्यापासून छावणीतलं टपालाचं काम माझ्याकडे आहे. शनिवारी दुपारी टपाल वाटतात, तेव्हा प्रत्येक शिपायाच्या नावाचं एक पत्र निघायला हवं. कुणाच्या बायकोचं, कुणाच्या आईचं. 'गाय व्याली. तुझा भाऊही भरती व्हायचं म्हणतोय, त्याला समजव.' सत्तर वर्षांचा डेल दरवर्षी आपल्या खोट्या आईचं पत्र वाचताना खरा रडतो.

पण सगळ्यात अवघड असतं दुसऱ्या प्रकारचं पत्र. तुला बाबांनी ते तोंडपाठ करायला लावलं होतं, आठवतं? शिपाई मेला की त्याच्या जोडीदारानं घरी लिहायचं. तो रिवाज होता, कायदा नव्हता. कुणी सांगत नसे, तरी लिहायचे. आणि त्यात अमुक गोष्टी हव्यातच: शेवटचं काय खाल्लं. काय बोलला. शेजारी कोण होतं. कुठे पुरला. घरच्यांना तिथे असता आलं नाही, म्हणून शब्दांनी त्यांना तिथे न्यायचं. ज्यांना सही करता येत नव्हती तेसुद्धा दुसऱ्याकडून लिहून घ्यायचे.

मी तुला तेवढंच विचारलं होतं. त्या बुधवारी, फोनवर. बाबांनी शेवटचं काय खाल्लं? काही म्हणाले का? जवळ कोण होतं? आणि तू म्हणालास, "देवी, झालं ते झालं. प्लीज." आणि ठेवलास.

तेव्हा वाटलं, तुला सांगवत नाहीये. मग त्या डिसेंबरात तुमच्या शेजारचे अनिलकाका शिकागोजवळ शॉमबर्गला लेकीकडे आले होते, त्यांनी मला भेटीसाठी म्हणून फोन केला. बिचाऱ्यांना वाटलं, मला सगळं माहीत आहे. "मी प्रसादला बावीस फोन केले गं. लागलाच नाही. रविवारी सकाळी पेपर उचलला नव्हता म्हणून मी मागच्या दारानं आत गेलो. किचनमध्ये पडले होते. आदल्या दिवसापासूनच असावेत. हॉस्पिटलमध्ये दुपारी गेले, शुद्धीवर नव्हते. सुनेत्रा तेव्हा नागपूरला होती ना, माहेरी."

बावीस फोन. मी तुमच्या पलटणीच्या पानावरचे सगळे फोटो पाहिले. सापडला. शनिवारची तारीख. गवतात तू उताणा, करड्या कोटात, हॅट तोंडावर, एक हात छातीवर. बुटांवरून ओळखलं. खाली कुणीतरी लिहिलंय, आजचा सर्वोत्तम मृत्यू.

बाबा फरशीवर पडले होते तेव्हा तू मैदानात मेल्याचं नाटक करत होतास आणि तुझा फोन गाडीत होता. म्हणून घाई होती तुला अग्नीची. मी आले असते तर विचारलं असतं, तू कुठे होतास.

फोटो मी छापून घेतलाय. बुधवारी तुला फोन करीन आणि त्याच दिवशी हा गठ्ठा पाठवीन, सगळ्यात वर तो फोटो ठेवून. अठरा महिने मी या क्षणासाठी तो जपलाय. बंदुकीला तेल लावावं तसं अधूनमधून काढून बघते.

'फोन गाडीत. पलटणीत फोन नसतो.' हा नियम बाबांचाच, मला ठाऊक आहे. कुणाचा तरी फोन लुटुपुटीच्या दफनाच्या प्रसंगी वाजला होता, तेव्हा त्यांनी तो केला, आणि तू तो तिकडे जॉर्जियात नेलास. नियम पाळलास. शाबास.

तू विचारशील, त्या शनिवारी मी कुठे होते. मी माझ्या जागी होते. विषय तुझा चाललाय.

देवयानी


शनिवार, १७ मे

प्रसाद,

सकाळी आईचा श्वास बदलला. मध्ये थांबतो, मग परत सुरू होतो. टोन्या म्हणाली, "आज किंवा उद्या. कुणाला बोलवायचं असेल तर आत्ता."

मी मान हलवली.

दुपारी आईनं डोळे उघडले. एकदम स्वच्छ, चष्मा पुसल्यासारखे.

"प्रसाद येतोय?"

"येतोय."

"खोटं." जरा थांबली. "तू माझ्या फोनवर हात दाबून धरतेस, मला दिसतं. मूत्रपिंडं गेलीत माझी, डोळे नाहीत."

मी तिचं पांघरूण सारखं केलं.

"त्यानं तुला कळवलं नाही, चुकलं. मलाही कळवलं नाही. मी त्यांची बायको. मी नाही का बोलत त्याच्याशी?"

"आई, तुला माहीत नाही तो कुठे होता."

"कुठे असणार? तुम्ही तिघं दर वीकेंडला कुठे असायचात? माझा फोन कधी उचललात? बावीस वेळा नाही, दोनशे वेळा वाजवला असेल मी आयुष्यात." म्हणजे अनिलकाकांनी तिलाही सांगितलं होतं. केव्हाच. तिनं मला कधी दाखवलं नाही. "नियम कुणी केला? त्यांनीच. जा, त्यांच्याशी भांड."

मग दमली. डोळे मिटून म्हणाली, "मी लाडू आणायचे ना कॅम्पला, डिंकाचे? ते ओरडायचे, त्या काळात लाडू नव्हते, मालिनी. मी म्हणायचे, तुमच्या बिस्किटापेक्षा कडक आहेत, कोण ओळखणार?" ओठ हलले, हसली असावी. "प्रसाद चार खायचा. त्याला सांग, ये म्हणून."

मी वर गेले आणि तुला फोन केला. सव्वातीन वाजले होते. सरळ रेकॉर्ड केलेला आवाज: तुम्ही प्रसादला फोन केलाय. मी काही न बोलता ठेवला.

फोन केला. माझी बाजू पुरी झाली. तुझा फोन गाडीत असेल, तो माझा दोष नाही.

फ्रिजवरचं पत्रक तिथेच आहे. आत्ता इथे बसून लिहितेय तिथून दिसतं.

देवयानी


सोमवार, १९ मे

प्रसाद,

तू खाली झोपलायस, पलंगाशेजारच्या जमिनीवर, अंगावरच्या कपड्यांनिशी. दुपारचे दोन वाजलेत. कळवायला वाईट वाटतं, अशी ती पत्रं सुरू व्हायची. मला काय वाटतं ते मला अजून कळलेलं नाही, म्हणून नुसतं सांगते. तुला हवं असेल तर आणि नको असेल तरी.

आईनं शेवटचं खाल्लं ते काल सकाळी सहाला. खाल्लं म्हणजे मी आमरस बोटावर घेऊन तिच्या ओठांना लावला आणि तिनं चाटला. दोनदा. त्याआधी शनिवारी दुपारी पाणी, तीन चमचे. सई तिचे पाय चोळत होती. शनिवारी माझ्याशी बोलली त्यानंतर फार बोलली नाही. एकदा "खिडकी उघड" म्हणाली, उघडली. एकदा "यांचा कोट वाळला का?" शेवटचे शब्द तेच. मी म्हटलं, "वाळला." दुपारी एक वाजून वीस मिनिटांनी श्वास थांबला आणि आम्ही वाट बघत राहिलो, पण परत सुरू झाला नाही. डावा हात माझ्या हातात होता. उजवा टोन्याच्या. उजवा तुझा होता, आणि मी तो रिकामा ठेवू शकले असते. पण टोन्या तिथे होती आणि तिनं धरला. तिचे उपकार आहेत आपल्यावर.

उद्या अकराला तिला अग्नीसाठी नेणार आहेत. मी थांबवलंय त्यांना, तुझ्यासाठी. तू थांबला नव्हतास.

आता माझं.

शनिवारी सव्वातीनला मी तुला फोन केला तो तू उचलणार नाहीस हे माहीत असताना. ऑफिसला करू शकले असते. तिथल्या बाईनं पाच मिनिटांत माणूस धाडला असता, तू संध्याकाळी विमानात असतास, आईनं तुला डोळे उघडे असताना पाहिलं असतं. मी मुद्दाम नाही केला. विसरले नाही, गोंधळले नाही. फ्रिजसमोर उभी राहून दूध काढलं आणि दार लावलं. सई ओट्यापाशी होती. तिनं नंबर वाचला, माझ्याकडे बघितलं आणि शब्द दिला होता म्हणून गप्प राहिली. तिच्याकडून मी ते करवून घेतलं.

काल सकाळी सातला केला. बाईनं विचारलं, "निरोप काय लिहू?" मी म्हटलं, "आई जातेय. ये. देवयानी." तुझा फोन वीस मिनिटांत आला, धावत गाडीशी आलेल्या माणसाचा. तू एवढंच म्हणालास, "किती वेळ आहे?" मी म्हटलं, "माहीत नाही." तेवढं मात्र खरं होतं.

तरी तू पोचला असतास. साडेनऊच्या विमानानं साडेअकराला उतरला असतास. पण विमानतळाच्या तपासणीत तुझ्या हातावर बंदुकीच्या दारूचा अंश सापडला. दोन दिवस काडतुसं दातांनी फाडून बार भरलेले हात! तू समजावत बसलास की ही नकली लढाई आहे. त्यांनी कोट तपासला, बूट तपासले, वरिष्ठांना बोलावलं. विमान गेलं. हे तू दारात उभं राहून सांगितलंस, तळवे पुढे करून, मला दाखवत. साडेतीन वाजले होते. काळे होते खरंच, रेषारेषांत.

तू निळा कोट घालून आला होतास. समोर माणसं कमी पडली असतील. काचेतून तू फुटपाथवरून येताना दिसलास आणि क्षणभर मला वाटलं बाबाच. मग बघितलं तर तू. त्याबद्दलही मी तुला माफ केलेलं नाही.

मी वाट बघत होते त्या क्षणाची, जेव्हा तुला कळेल. दारातच सांगितलं, "गेली. दोन तास झाले." तुझा चेहरा नीट बघितला. वीस महिने मला तो बघायचा होता. तू त्या हातांकडे बघितलंस आणि ते कोटावर पुसायला लागलास, पुसतच राहिलास, आणि सई येऊन तुला सिंकपाशी घेऊन गेली. साबण लावून तिनं तुझे हात धुतले, लहान मुलाचे धुवावेत तसे. मला वाटलं होतं, बरं वाटेल. वाटलं. खोटं कशाला लिहू? दोन मिनिटं फार बरं वाटलं. मग पाण्याचा आवाज तेवढा राहिला.

फोटो या गठ्ठ्यात आहे. फाडणार होते, फाडला नाही. तुझा आहे, तू ठेव.

आता शेवटचं, जे मी वीस महिन्यांत कुणालाही सांगितलं नाही. आईलाही नाही, आणि तिला तेही माहीत होतं की काय, ते आता कळायचं नाही.

त्या शनिवारी मी आमच्या मैदानात होते. पहाऱ्यावर, झाडाखाली, बंदूक घेऊन, काहीही न करता. माझा फोन गाडीत, ग्लव्ह कंपार्टमेंटमध्ये. रविवारी साडेतीनला बाहेर आले तेव्हा त्यावर एक मिस्ड कॉल होता. बाबा. शनिवार, दुपारी चार बारा. आणि एक व्हॉइसमेल. मला वाटलं, चुकून दाबला असेल, ते नेहमी दाबायचे. गाडी चालवायची होती, थकले होते. सोमवारी उलट फोन केला, लागला नाही. झोपले असतील म्हटलं. बुधवारी तुझा आला.

त्यांनी तुला आधी केला की मला, माहीत नाही. तुझ्याकडेही काही असेल. तूही कुणाला सांगितलं नसशील. असं असेल तर आपण दोघं वीस महिने एकाच पहाऱ्यावर उभे होतो, एकमेकांकडे नळी रोखून.

तो निरोप मी ऐकलेला नाही. एकदाही नाही. नवा फोन घेतला तेव्हा दुकानात त्या मुलीला तीनदा विचारलं, तो जाणार नाही ना. त्याच्यापुढचा निळा ठिपका अजून तसाच आहे. त्रेचाळीस सेकंद. मी तुला विचारत होते ना, बाबा काही म्हणाले का? बहुतेक म्हणाले. मला म्हणाले.

फोन स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलाय, पूर्ण चार्ज करून. तू उठलास की चहा टाकते. मग ऐकू. एकटीनं ऐकायची हिंमत माझ्यात नाही, आणि तुला त्यातून सोडवावं इतकी मी चांगलीही नाही.

देवयानी